क्रॉनिक म्हणजे जुनाट, ताई

ताई,

तुझी तेरवी आटोपली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मीही अमरावतीला परत आलो. राजापेठेतला माझा इंग्रजीचा क्लास अजून उघडलेला नाही. पालकांचे फोन येतात, परीक्षा तोंडावर आली म्हणतात. मी सोमवारपासून म्हणतो. सोमवार आला की पुन्हा तेच म्हणतो. वर्गात गेलो की फळ्यावर शब्द लिहावे लागतील, पोरं अर्थ विचारतील. सध्या मला कोणी अर्थ विचारला की मी विषय बदलतो.

तेरवीला आलेले सगळे सांगत होते, किती सोशिक बाई होती, इतकी वर्षं दुखणं काढलं पण तोंडातून शब्द नाही. मी मान हलवत राहिलो. त्यांना काय सांगू? एका शब्दावरून तू माझ्याशी वर्षानुवर्षं भांडलीस. फोनवर भांडलीस, डायलिसिसच्या खाटेवरून भांडलीस, माझ्या बायकोला पंच नेमून भांडलीस. तो वाद मिटला नाही. आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलत बसतो, आणि तुझ्या बाजूनं बोलताना मला तुझ्यासारखं जमत नाही.

तो शब्द आपल्या घरात भाऊजींनी आणला. मी वर्गात होतो, 'सिन्स' आणि 'फॉर' यांतला फरक शिकवत होतो, आणि भाऊजींचा फोन आला. एरवी ते फोनवर आधी पाऊसपाणी विचारतात. त्या दिवशी एकदम म्हणाले, "दिनू, तुही बहीन क्रॉनिक निंगाली."

"म्हणजे काय झालं?"

"किडनी. डॉक्टर म्हने क्रॉनिक हाय. हाताबाहेर गेलं ना बावा आता?" आणि त्यांनी फोन ठेवला.

मी मिळेल त्या एस.टी.नं अकोल्याला आलो. तू दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली बसली होतीस, मांडीवर पिशवी घेऊन. भाऊजी लांब उभे होते, आपल्याकडं पाठ करून. तू मला शेजारी बसवलंस आणि म्हणालीस, "हे सकायपासून डोये पुसून राह्यले, मले काई सांगत नाई. तुले इंग्रजी येते. सांग, क्रॉनिक म्हंजे मरते का मानूस?"

मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं. कारण हे तर मला येत होतं. रोज वर्गात करतो तेच काम होतं. मी म्हणालो, ताई, क्रॉनिक म्हणजे भयंकर नाही. सगळे तसंच समजतात, पण ते चूक आहे. त्या शब्दाच्या मुळाशी काळ आहे, वेळ. क्रॉनिक म्हणजे जुनाट. खूप दिवस चालणारं. एकदम आलेलं आणि जोरात असलेलं दुखणं असतं त्याला अक्यूट म्हणतात. किती वाईट आहे हे क्रॉनिक या शब्दात नाहीच, किती दिवस आहे एवढंच आहे.

तू ऐकत होतीस, चौथीत मी तुझ्यासमोर पाढे म्हणायचो तेव्हा ऐकायचीस तशी, ओठ हलवत. मग म्हणालीस, "म्हंजे लय दिवस चालते."

"हो."

"मंग मी बी लय दिवस चालीन." तू भाऊजींना हाक मारलीस. "अहो, या इकडे. तुमी उलटंच समजून बसले. दिनू म्हंते थे नुसतं जुनाट हाय."

भाऊजी आले, माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. मी तेच पुन्हा समजावून सांगितलं. त्यांनी रुमालानं चेहरा पुसला आणि आपल्या तिघांसाठी चहा आणायला गेले. मी त्या दिवशी खूश होऊन अमरावतीला परतलो, ताई. बसमध्ये झोप लागली मला.

आणि संध्याकाळी तुझा फोन. "दिनू, एक इचारतो. थे लय दिवस चालते म्हनला तू. कोन चालते? दुखनं का मानूस?"

मी म्हणालो, तो शब्द दुखण्याला लागतो.

"मंग मानसाले कोनता लागते?"

मी म्हणालो, पाहून सांगतो. आपला वाद तिथून सुरू झाला.

आपण मोर्शीची माणसं, संत्र्याच्या बागेतली, गोड्या विहिरीवर वाढलेली. तुझं लग्न होऊन तू अकोल्याच्या पुढं खारपाणपट्ट्यात गेलीस. बाबांबरोबर मी पहिल्यांदा तुला भेटायला आलो तेव्हा चहाचा पहिला घोट घेऊन मी तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, ताई, साखरेच्या जागी मीठ पडलं. तू माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की डोळ्यात पाणी आलं. नंतर विहिरीमागं नेऊन सांगितलंस, "इथलं पानीच तसं हाय. डाय शिजत नाई, साबनाले फेस येत नाई. पन काई बोलू नोको, सासूले वाईट वाटते." त्या पाण्यावर तू संसार केलास. कपाशी, तूर, हरभरा निंदलास. पुढं नळाचं गोडं पाणी आलं, पण कितीतरी वर्षं त्या खाऱ्या पाण्याचीच. त्यानंच झालं का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, गावात बऱ्याच जणांना आहे खरं, पण तुमच्या बहिणीला कशानं झालं हे आता नेमकं सांगता येणार नाही. चिडायला सुद्धा कोणी सापडलं नाही मला.

पहिली काही वर्षं औषधावर निघाली. मग डायलिसिस आलं, आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार. भाऊजी तुला मोटारसायकलवर अकोल्याला न्यायचे, तू खाटेवर आणि ते बाहेरच्या बाकावर. सुया टोचता याव्यात म्हणून तुझ्या डाव्या हाताची शीर धमनीला जोडून मोठी केली होती; वर बोट ठेवलं की आत रक्त घुमताना लागायचं. माझी पोरगी मिनू घाबरून त्या हाताकडं बघायची नाही. तू तिचं बोट धरून तिथं ठेवलंस. "पाह्य, कशी गुरगुरते. आत मोटर बसवली माह्या. वावरातल्या मोटरीसारखी लाइट गेली तं बंद बी पडत नाई." मिनू हसली. मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

मी नेमका त्याच दिवसांत मोर्शीहून आंबिया बहाराची संत्री घेऊन आलो होतो, चुलत भावानं खास निवडून दिलेली. तू पिशवीत तोंड घालून वास घेतलास आणि मला म्हणालीस, "याची बंदी हाय मले आता." मला माहीत नव्हतं. संत्र्यातलं काहीतरी तुझ्या किडनीला बाहेर टाकता येत नव्हतं, ते हृदयाला धोक्याचं होतं. संत्रावाल्याची पोरगी, आणि तिला संत्र्याची बंदी. मी पिशवी उचलून परत न्यायला लागलो तर तू ओरडलीस. बसून सगळ्यांना एकेक सोलून दिलंस, शिरा काढून काढून, लहानपणी मला द्यायचीस तसं. तुझ्या बोटांना सालीचं तेल लागलं होतं. ती बोटं तू संध्याकाळपर्यंत धुतली नाहीस.

डायलिसिसच्या खोलीत तो शब्द दर वेळी कोणीतरी चुकीचा वापरायचं, आणि तू तिथली मास्तरीण झालीस. शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, "माहं लय क्रॉनिक हाय बाई, तुमच्यापेक्षा क्रॉनिक." तू म्हणालीस, "काका, तुमाले किती वर्षं झाले? दोन. मले पाच. मंग मीच तुमच्यापेक्षा क्रॉनिक." सिस्टर हसून हसून बेजार. तुला तो शब्द इतका आवडला की तू तो सगळीकडं लावायला लागलीस. भाऊजींचा उशीर क्रॉनिक. जाऊबाईचं रुसणं क्रॉनिक. आणि तू तो बरोबर लावत होतीस, ताई. माझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा बरोबर.

फक्त एकदा तू फोनवर म्हणालीस, "यंदा हरभरा असा आला का वावर पाहून मले क्रॉनिक आनंद झाला." मी लगेच म्हणालो, तसं म्हणत नाहीत.

"काहून?"

"वाईट गोष्टींनाच लावतात तो. खोकला, दुखणं, खोटं बोलायची सवय. आनंदाला क्रॉनिक म्हणत नाही कोणी."

"आनंद लय दिवस टिकला तं?"

"त्याला लास्टिंग म्हणतात. वेगळा शब्द आहे."

"येळ तं तेवढीच ना दोघायची? मंग वाईटाले येगळा शब्द अन् चांगल्याले येगळा, असं काहून?"

मी म्हणालो, भाषा अशीच असते, वापरानं ठरते. तू म्हणालीस, हे काही उत्तर नाही झालं. ते उत्तर नव्हतंच. पुढच्या वेळी तू मुद्दाम म्हणालीस, "तू आला, मले क्रॉनिक बरं वाटलं," आणि माझ्याकडं पाहत बसलीस, मी दुरुस्त करतो का म्हणून. मी केलं. तू म्हणालीस, "मास्तर, तू क्रॉनिक मास्तर हायेस." ते मात्र बरोबर होतं.

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. मोठ्या शब्दकोशात मी तो शब्द पुन्हा पाहिला होता. तिकडं इंग्लंडातले लोकही बोलता बोलता एखाद्या गोष्टीला क्रॉनिक म्हणतात, आणि त्यांना म्हणायचं असतं, फार वाईट. भाऊजींसारखंच. पुस्तकात नोंद आहे तशी. मला वाटायचं, सांगावं, तू भाऊजींना खिजवशील, ते खूश होतील. मग वाटायचं, कशाला. तुझ्याजवळ ते जुनाट होतं, नुसतं जुनाट. ते तसंच असू द्यावं.

आता दुसरं भांडण. मी किडनी देतो म्हणालो तेव्हा तू माझ्याशी महिनाभर बोलली नाहीस. तुम्हाला मूलबाळ नाही; भाऊजींना ब्लडप्रेशर, त्यांची घेता येईना. राहिलो मी. तू सांगून पाठवलंस, "त्याले बायको हाय, पोरगी हाय. मले त्याचं काई नोको." मी तुझ्या घरी येऊन बसलो. तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. शेवटी मिनू आत गेली आणि तुला म्हणाली, "मोठी आत्या, बाबांना रात्री झोप नाही येत." बऱ्याच वेळानं तू बाहेर आलीस, पदराला हात पुसत. "पाहू. तपासाले काय लागते."

मी तपासून घेतलं. रक्तगट जुळला. मी वर्गातल्या पोरांना त्या दिवशी पेढे वाटले आणि कशाचे ते सांगितलं नाही. आणि पुढच्याच तपासणीत माझी साखर निघाली. कधीची होती कोणास ठाऊक, मला पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला देता येणार नाही, उद्या तुमच्याच किडन्यांना जपावं लागेल. मी म्हणालो, डॉक्टर, मला चालेल. ते म्हणाले, तुम्हाला चालेल, पण मला नाही चालणार.

मी बाहेर आलो आणि तुला सांगितलं. तू म्हणालीस, "बरं झालं."

तुझ्या तोंडावर खरोखरच सुटल्यासारखं दिसत होतं, ताई. मला राग आला. इतका राग मला तुझा आयुष्यात कधी आला नव्हता. मी म्हणालो, काय बरं झालं? माझ्या अंगात साखर निघाली ते बरं झालं, की तू अशीच झिजणार ते बरं झालं? माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि चालायला लागलीस. नंतर रोज रात्री फोन करून विचारायचीस, गोळी घेतली का, चालून आला का. पण बरं झालं का म्हणालीस ते कधी सांगितलं नाहीस. मीही पुन्हा विचारलं नाही. दर वेळी वाटायचं, आज नको, आज तिला थकवा आहे. दुसऱ्या कोणाची किडनी मिळावी म्हणून यादीत तुझं नाव लावलं होतं. त्या यादीतून फोन येईल म्हणून भाऊजी आंघोळीला सुद्धा फोन न्हाणीच्या उंबऱ्यावर ठेवायचे. तो फोन आला नाही.

शेवटच्या हिवाळ्यात तुला दम लागायला लागला. झोपलं की श्वास कोंडायचा, तू भिंतीला टेकून बसून रात्र काढायचीस. मग एका सकाळी भाऊजींनी तुला गाडी करून अकोल्याला आणलं आणि मला बोलावलं. मी पोचलो तेव्हा तोंडावर मास्क होता आणि तू डोळ्यांनीच मला बस म्हणालीस. डॉक्टर पोरगेलासा होता, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्यानं मला आणि भाऊजींना बाहेर घेतलं. म्हणाला, हृदय बरीच वर्षं दमत आलं होतं, आता एकदमच खाली गेलंय. अक्यूट ऑन क्रॉनिक. आम्ही करतोय ते करतोय, पण तयारी ठेवा.

तो गेला. भाऊजींनी माझ्या बाहीला धरलं. "काय म्हने थो?"

इतकी वर्षं मीच सांगत आलो होतो. दोन्ही शब्द मला येत होते, मधला तो 'ऑन' सुद्धा येत होता. मी म्हणालो, "जुन्यावर एकदम नवं आलं, भाऊजी."

त्यांनी माझी बाही सोडली. "मंग नवं हाय थे तं जाईन ना? जुनं राह्यलं तरी चालते आपल्याले. जुन्याची सवय हाय."

मी हो म्हणालो की नाही म्हणालो, मला आठवत नाही.

मी आत आलो. तू मास्क बाजूला केलास. मी परत लावायला गेलो तर हात धरलास. "काय म्हंते डॉक्टर?"

"काही नाही, तू बोलू नको."

"मास्तर, खरं सांग."

मी म्हणालो, "अक्यूट."

तुला तो शब्द माहीत होता, मीच शिकवला होता. तू म्हणालीस, "म्हंजे एकदम."

"हो."

"बरं." मास्क लावून दोन श्वास घेतलेस, पुन्हा काढलास. मग म्हणालीस, "याईले आत्ताच सांगू नोको. सकायपासून जेवले नाई थे. आंधी जेवाले ने."

मी नेलं, ताई. तुझं ते शेवटचं काम मी केलं. दवाखान्यासमोरच्या खानावळीत भाऊजी जेवले, दुसरी पोळी सुद्धा घेतली, कारण नवं आहे ते जाईल असं त्यांनी धरलं होतं. मी त्यांच्यासमोर बसून त्यांचं ताट बघत होतो. आम्ही परत आलो तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते. भाऊजींनी हाक मारली, मी हाक मारली. तू उठली नाहीस. ऊन उतरायच्या आत तू गेलीस.

तुला त्यांच्याबद्दल सांगायचं आहे. तेरवीनंतर मी तुझ्या घरी राहिलो होतो, त्यांना एकटं टाकून निघवेना. मंगळवारी सकाळी जाग आली तर अंगणात मोटारसायकल पुसल्याचा आवाज. भाऊजी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार. मी विचारलं, भाऊजी, कुठं? त्यांनी हातातल्या फडक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आठवलं त्यांना. मला वाटलं आता ते खाली बसतील. ते म्हणाले, "जाऊन येतो. घरी काय करू?"

मी त्यांच्या मागं बसलो. हरभऱ्याच्या वावरांमधून थंड वारा लागत होता. दवाखान्यात गेलो आणि ते नेहमीच्या बाकावर जाऊन बसले. सिस्टर आतून बाहेर आली, तिनं आम्हाला पाहिलं, दारातच थांबली आणि परत आत गेली. थोड्या वेळानं तिनं दोन चहा पाठवले.

बाकावर एक नवी बाई होती, पहिल्यांदाच आलेली दिसत होती, हातात फाइल, घाबरलेली. ती जरा सरकून भाऊजींना म्हणाली, "तुमचं पेशंट हाय का आत?"

भाऊजी म्हणाले, "हाय. बायको हाय माही."

"बरं हाय का त्याईले?"

"हाय. जुनाट हाय, पन बरी हाय."

ती बाई त्यांना विचारत राहिली, सुई दुखते का, किती वेळ लागतो, नंतर काय खायला द्यायचं. भाऊजी एकेक नीट सांगत होते, तू त्यांना सांगितलं असेल तसं. मी मास्तर माणूस, ताई. कोणी चुकीचं बोललं की माझ्या तोंडून दुरुस्ती निघतेच. मी चहाचा कप हातात धरून बसून राहिलो, आणि चहा निवून गेला.